पातळी

वडील पाटबंधारे खात्यात होते. काम एकच:
आयर्विन पुलाच्या खांबावरचे फूट वाचायचे
आणि वहीत लिहायचे.
कोयनेतून पाणी सुटलं की दर तासाला,
एरवी दिवसातून एकदा.
मार्चमध्ये, पात्रात पोरं क्रिकेट खेळत असतानाही
ते सकाळी आठला जात, चष्मा पुसत
आणि काल लिहिलं होतं तेच लिहीत.
"एखादा दिवस घरूनच लिहा की," आई म्हणायची.
"मग ज्या दिवशी तेच नसंल," ते म्हणत,
"त्या दिवशी मला ओळखू कसं येणार?"

दाराच्या मागे खिळ्याला एक पिशवी,
हळदीच्या पोत्यातून आईनं शिवलेली.
तिच्यात रेशनकार्ड, आमचे बाप्तिस्म्याचे दाखले,
कंदील, माझ्या दम्याचा पंप,
आणि प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळलेलं शुभवर्तमान.
दर शनिवारी ते पिशवी उतरवत, काड्यापेटी बदलत.
ओलसर काडी नसलेल्या काडीपेक्षा वाईट, म्हणत;
ती असल्यासारखी वाटते.

एका आगमनकाळात मिरजेहून एक उपदेशक आले.
फळ्यावर त्यांनी राज्यं मांडली, शिंगं, आठवडे,
अधिक, भागिले,
आणि शेवटी खडूनं एका वर्षाला गोल केला.
शेवंताबाई लोंढे रडायलाच लागल्या,
नातीचं लग्न त्याच वर्षी ठरलं होतं.
वडिलांनी वाद घातला नाही.
परतताना सायकल हातात धरून चालत
एवढंच बोलले:
"वीस वर्षं नदी वाचतोय. उद्याचं पाणी मला सांगता येत नाही.
आजचं मात्र चुकवत नाही."

त्यांची तयारी फार किरकोळ होती.
मुजावरांचं दुधाचं बिल एक तारखेला, दोन तारखेला नाही.
माझ्यावर हात उगारला, तर त्याच रात्री
उशाशी येऊन "चुकलं" म्हणणं.
एकच हिशेब राहिला होता.
नाथानकाका. हरिपूरची पाऊण एकर.
नऊ वर्षं बोलणं नाही.
रोजच्या प्रार्थनेत ते त्यांचं नाव घेत
आणि नावानंतर थोडं थांबत,
खांबावर शेवाळाखालचा आकडा दिसेना
की थांबायचे तसं.

मग तो ऑगस्ट. गावभाग बुडाला, वीज गेली.
आमचं घर विश्रामबागेत, कोरडं,
पिशवी खिळ्यावरच.
वडील नुकते पुलावरून आलेले, बूटसुद्धा पायात,
तेव्हा रात्री अडीचला दार वाजलं.
चोर नव्हे. चोर वाजवत नाही.
आईनं अंधारात विचारलं, "तो आला काय?"
तिचा आवाज भ्यालेला होता, आणि थोडा लाजलेला,
जणू घर झाडायचं राहून गेलंय.

पहिल्याच काडीत कंदील लागला.
दारात नाथानकाका, छातीपर्यंत चिखल,
मागे काकू, हातात दोरी, दोरीला एक शेळी.
कुणीच काही बोललं नाही.
वडील खाली बसले
आणि काकांच्या चपलांचे पट्टे सोडू लागले.
चिखलात बोटांना पट्टा सापडेना.
"पाणी तापव," ते आईला म्हणाले.
ती अजून दाराबाहेर बघत होती, रस्त्याच्या टोकापर्यंत.
"आत्ता हे आलेत," वडील म्हणाले.
"दार नुसतं लोटून घे. कडी नको."

आता ते नाहीत.
पातळी मोबाईलवर येते, दशांश चिन्हासकट.
दाखले घडीवर फाटलेत, पंपाची मुदत
दोनदा संपून गेली, दोनदा नवा आणला.
मागच्या शनिवारी पिशवी उतरवायचं राहिलं.
रविवारी पहाटे आठवलं.
चहाच्याही आधी उठून एक काडी ओढली.
लागली.
बोटापाशी येईपर्यंत धरून ठेवली,
मग सुट्टे पैसे घेऊन
दुकान उघडायची वाट बघत
पायरीवर बसले.